सोबतीला वसंतराव

मित्रांनो, मी तपकिरी रेक्झिनची बॅग, आता पार जुनी झालेली. गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा. मला माणसांचा, त्यातही उपकार करत फिरणाऱ्यांचा, मनापासून तिटकारा आहे.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत बॅगा शिवणाऱ्या फक्रुद्दीनने मला आपल्या बायकोसाठी, इमामबीसाठी शिवले. टाके दुहेरी, कडी पितळेची. तिच्याबरोबर मी लग्नाकार्यांना हिंडले. फक्रुद्दीन दवाखान्यात वारला तेव्हा त्याचे कपडे माझ्यातूनच घरी आले. मग मला माळ्यावर टाकले. दहा वर्षे मी धूळ खात पडले, उंदरांनी कोपरा कुरतडला, कुणी ढुंकून पाहिले नाही.

१९८० साली मला खाली काढले. कुवेतला दिलेली लेक जरीना पहिलटकरीण होती. बाळंतपणाला आई जवळ हवी म्हणून तिने विमानाचे तिकीट धाडले. इमामबीला वाचता येत नव्हते, म्हणून शेजाऱ्यांनी सोबत शोधली. शिरोलीच्या एका कारखान्यातले वसंतराव त्याच विमानाने नोकरीला निघाले होते. "म्हातारीला सांभाळून नेतोय, देवमाणूस हाय," असे जो तो म्हणू लागला. ऐकून ऐकून वसंतरावांनाही ते पटले.

निघायच्या दिवशी या देवमाणसाने मला उघडले. डिंकाचे लाडू आणि बाळाची दुपटी बाहेर काढून ठेवली.

"मावशी, वीस किलोच न्यायला देत्यात. लाडवांनी जागा कशाला अडवताय?"

मग टॉवेलात गुंडाळलेली पुडकी माझ्या पोटात कोंबली. "पोरांची खेळणी हाईत," म्हणाले. कसली खेळणी? हुपरीची चांदीची पैंजणे होती ती, आणि चांदी देशाबाहेर न्यायला बंदी होती. इमामबीने भाबडेपणाने माझी कडी लावली.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी मला उघडले. "कुणाचं आहे हे?"

"या भाऊंचं हाय की," इमामबीने वसंतरावांकडे हात केला.

वसंतराव घड्याळात बघत म्हणाले, "मी या बाईंना ओळखत नाही."

आणि खुशाल विमानात जाऊन बसले. थू त्यांच्या जिंदगानीवर.

इमामबी दिवसभर बाकावर बसून रडत होती. साहेबांना तिची कीव आली, चांदी जप्त करून त्यांनी तिला सोडले, पण विमान केव्हाच गेले होते. जरीना परक्या मुलखात एकटीच बाळंत झाली. तार आली, मुलगी झाली म्हणून.

इकडे वसंतरावांची बायको लीला दारात येऊन भांडली. "तुमच्या तोंडानं आमची चांदी गेली." आणि शेजाऱ्यांनी माना डोलावल्या.

दोन महिन्यांनी जावयाने पुन्हा तिकीट धाडले. इमामबी मला ओल्या फडक्याने पुसत होती. मित्रांनो, जुन्या बॅगेला तेवढे पुरते. म्हाताऱ्या माणसालाही फार लागत नाही, फक्त त्याच्या सामानातून आपले हात दूर ठेवा.

शेजारी पुन्हा सोबत शोधायला निघाले, तेव्हा तिने लाडवांचा डबा माझ्यात ठेवला आणि म्हणाली, "सोबत नको बाबांनो. एकटी गेले तर वाट चुकंन, एवढंच की."