कथबर्टच्या पोटातले तीन कोटी

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही. पटलीच, तर आपल्याच डोक्यात काहीतरी बिघाड झालाय असं समजा. या क्लबात ती आजवर सोळा जणांनी ऐकली. पंधरा जण ग्लास रिकामा करून उठून गेले आणि सोळावा ऐकता ऐकता झोपला. तरी सांगायची ती सांगायचीच, कारण कथबर्ट हेस्लॉपने त्या पाच दिवसांत जी धास्ती खाल्ली, ती या गावात दुसऱ्या कोणी खाल्ली असेल तर त्याने हात वर करावा.

कथबर्टची पस्तीस वर्षं जमिनीखाली गेली. न्यूकॅसलच्या उत्तरेकडच्या कोळशाच्या खाणी एकेक करून बंद पडल्या तेव्हा तो वर आला आणि म्हणाला, आता जमिनीत जाईल ते माझं फावडं, मी नाही. रुळांपलीकडच्या पालिकेच्या मळ्यात त्याला एक तुकडा मिळाला. तिथे त्याने खोपट ठोकलं, चर खणला आणि आपल्याकडे सगळे लावतात तेच लावलं: लीक, म्हणजे पातीच्या कांद्याचा थोरला भाऊ. सप्टेंबरच्या प्रदर्शनात टेबलावर ठेवायचं लीक म्हणजे काही सूपमध्ये टाकायची कांद्याची काडी नव्हे. पोटरीएवढा पांढराशुभ्र बुंधा हवा, डाग नको, ओरखडा नको. आणि एक शेंबडी त्यावरून फिरली की वर्षाची मेहनत पाण्यात.

शेंबडी म्हणजे गोगलगायच, फक्त शंख विकून खाल्लेली. आपल्या गावात पावसाला घरी जायचं माहीत नाही, त्यामुळे ती इथे माणसांपेक्षा सुखात राहते.

बाकीचे निळ्या विषारी गोळ्या टाकतात, कथबर्टही टाकायचा. पण त्याच्या खोपटाखाली एक म्हातारा बेडूक राहत होता, तीन वर्षं फुकट राखण करणारा. विषाने मेलेल्या शेंबड्या खाऊन तो एका सकाळी उताणा सापडला. कथबर्टने त्याला तंबाखूच्या डब्यात घालून पुरलं आणि गोळ्या सोडल्या त्या सोडल्याच. मग त्याने बदकं आणली. पहिल्या आठवड्यात बदकांनी शेंबड्या संपवल्या, दुसऱ्यात लीक संपवलं आणि तिसऱ्यात घरात शिरून दिवाणखान्यातल्या गालिच्यावर ठाण मांडलं. तेव्हा त्याच्या बायकोने, माव्हिसने, शांतपणे सांगून टाकलं होतं की यापुढे या घरात जिवंत काही आणलंस, तर ते आत आणि तू बाहेर.

मग कोणीतरी त्याला सूत्रकृमींचं सांगितलं. डोळ्यांना न दिसणारे किडे, एका पाकिटात तीन कोटी. पाण्यात कालवायचे, झारीने मातीवर शिंपायचे. ते शेंबडीच्या अंगात शिरतात, आत संसार थाटतात आणि शेंबडीचा निकाल लागतो. ना विष, ना बदकांची घाण. भानगड एकच. वापरेपर्यंत पाकीट फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. जिवंत काही आणायचं नाही म्हणाली होती, आणि हे तर तीन कोटी.

मे महिन्यातल्या एका सोमवारी पाकीट टपालाने आलं. कथबर्टने उघडून पाहिलं, तर आत ओलसर, पिवळट, मऊ लगदा. थेट पीज पुडिंग. आता वाटाण्याच्या डाळीच्या या घट्ट पिठल्याचा डबा आपल्याकडे ज्याच्या फ्रीजमध्ये नाही त्याला कोणी मुलगी देणार नाही, आणि असलेल्या डब्याकडे कोणी वळून बघणार नाही. कथबर्टने एक रिकामा डबा धुतला, तिन्ही कोटी त्यात भरले, पाकीट फेकलं, माहितीचा कागद कोटाच्या खिशात घातला आणि डबा फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीआड सरकवला. स्वतःवर इतका खूश झाला की त्या दिवशी त्याने भांडीसुद्धा घासली.

मंगळवारी सकाळी माव्हिसने त्याला मळ्यावर खायला स्टॉटी बांधून दिली. ताटाएवढा तो जाड पाव, मधे हॅम आणि हॅमवर पिठल्याचा बोटभर थर. ती पाठमोरी झाल्यावर त्याने हळूच आपला डबाही पिशवीत टाकला. दुपारी खोपटात बसून जेवला. पिठलं जरा अळणी लागलं, तेव्हा मोहरीची चटणी जास्त लावून भागवलं. मग झारी भरली, डबा तीत रिकामा केला, काठीने ढवळलं आणि झारी चरावर धरली.

धार येईना. झारीची चाळणी गच्च तुंबली होती. कथबर्टने ती खिळ्याने टोकरली, नखात आलेला लगदा सवयीने जिभेवर ठेवला. मीठ होतं. मिरी होती. हॅम उकडलेल्या पाण्याची चव होती.

त्याला हसू आलं. काय वेडेपणा, पिठल्याचाच डबा उचलून आणला की आपण. आणि मग ते हसू अर्ध्यावरच थांबलं. पिठल्याचा डबा इथे असेल, तर माव्हिसने स्टॉटीत घातलं ते काय होतं?

त्याने कोटातून कागद काढला. चष्मा नाकावर ठरेना. कागदावर तीनच गोष्टी लिहिल्या होत्या, पण ठळक अक्षरात. तीन ते पाच दिवसांत शेंबडीचं खाणं बंद होतं. मानेमागे सूज येते. शेवटी ती जमिनीखाली जाते आणि तिथे मरते.

ओकारी काढायचा प्रयत्न करून झाला. तासभर होऊन गेला होता, काही आलं नाही. पोटात मात्र काहीतरी सरकल्यासारखं झालं.

आता माणसाने डॉक्टरकडे जावं. पण दवाखान्यात टेबलाशी बसते ती माव्हिसची धाकटी बहीण. काय होतंय असं तिने विचारलं की रांगेतल्या सगळ्यांना उत्तर ऐकू जातं, आणि चहाच्या वेळेपर्यंत माव्हिसला. म्हणजे किड्यांनी मरायचं की माव्हिसच्या हातून, एवढंच ठरवायचं होतं. बुधवारी दुपारी त्याने खोपटात दार लावून कंपनीला फोन केला. आपण खाल्लं हे सांगायची लाज वाटली, म्हणून म्हणाला की आमच्या मळ्यात एक शेंबडी आहे, तिला औषध जरा जास्त झालंय.

"किती मोठी आहे?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"मोठी आहे."

"बोटाएवढी?"

"साडेपाच फूट."

"साहेब, आणि औषध किती दिलंत?"

"अख्खं पाकीट. हॅमबरोबर."

"ती खातेय का अजून?"

कथबर्टने पुढ्यातल्या सकाळपासून न शिवलेल्या स्टॉटीकडे पाहिलं आणि फोन ठेवून दिला.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला त्याने ताट पुढे सरकवलं. मटणाचं सारण भरून भाजलेली पेस्ट्री होती, जिच्यासाठी तो एकदा लग्नाच्या वरातीतून परत फिरला होता. माव्हिसने भुवई वर केली. गुरुवारी दाढी करताना हात मानेमागे गेला आणि तिथेच राहिला. गाठ. वाटाण्याएवढी. माव्हिसचा हातात धरायचा आरसा आणून, भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करून त्याने ती पाहिली. लाल होती, मधे ठिपका. डास म्हणावं तर डासच. पण बोट लावलं की आतून कोणीतरी उलट ढकलतंय असं वाटे. तेव्हापासून तो कॉलर वर करून फिरू लागला आणि अर्ध्या अर्ध्या तासाने गाठीला बोट लावू लागला, अर्थात त्यामुळे ती वाढू लागली.

कागदाच्या पाठीमागे बारीक अक्षरात एक ओळ होती. पाच अंशांखाली किडे निपचित पडतात. ती वाचून शुक्रवारी तो ऑस्वल्ड खाटकाच्या दुकानात गेला आणि म्हणाला, तुझ्या थंड खोलीत जरा बसू का. ऑस्वल्डने कारण विचारलं, कथबर्ट म्हणाला उकडतंय. बाहेर समुद्रावरचं वारं असं होतं की दाराबाहेर उभ्या म्हातारीची टोपी उडून चर्चच्या कुंपणाला लागली होती. तरी बिचाऱ्याने खोली उघडून दिली. लोंबत्या डुकरांच्या मधे, ओठ निळे पडेपर्यंत कथबर्ट उपड्या बादलीवर बसला. पोटातली हालचाल खरंच थांबली. थांबली तसा तो जास्तच घाबरला, कारण याचा अर्थ आधी हालचाल होतीच.

ऑस्वल्ड मधेच डोकावून म्हणाला, "आणखी अर्धा तास बसलास ना, तर किमतीची चिठ्ठी लावीन."

कथबर्टला हसायचं होतं. दातच वाजत राहिले.

खरी भीती शनिवारी आली. गाठीची नव्हे, भुकेची नव्हे. चहा घेता घेता त्याच्या मनात आलं, कोळशाच्या खोलीत किती छान गारवा असेल. काळोख असेल. मातीचा वास येत असेल. भानावर आला तेव्हा हात त्या खोलीच्या कडीवर होता.

तिथून तो पळतच घरात आला आणि स्वयंपाकघरात दिवा लावून, टेबलाची कड धरून बसला. भर दुपारी दिवा. शेवटी ती जमिनीखाली जाते. पस्तीस वर्षं पहाटे, कामगारांना खाणीत उतरवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात उभं राहून तो खाली गेला होता आणि खाणीची भीती कधी वाटली नाही असं सगळ्यांना सांगत आला होता. वाटायची. रोज वाटायची. पण पिंजऱ्यात वीस जण उभे असले की ती वाटली जाते, प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी येते, कोणीतरी पादतं, सगळे हसतात आणि पिंजरा खाली पोचतो. आता पिंजरा त्याच्या पोटात होता आणि आत तो एकटा होता. पायांखालची फरशी जरा खचल्यासारखी वाटली की तो पाय वर घेई. संध्याकाळपर्यंत खुर्चीवर मांडी घालून बसला होता.

रविवार पाचवा दिवस. उजाडता उजाडता तो उठला, रविवारचा कोट घातला, एक चिठ्ठी लिहून किटलीला टेकवून ठेवली: लीकला पाणी संध्याकाळी घाल, उन्हात नको. बस, एवढंच. बाकीचं लिहायला हात धजला नाही. बाहेर भुरभुर लागली होती. मळ्यात चिटपाखरू नव्हतं. जायचंच असेल तर आपण खणलेल्या चरात जाऊ, खाणीत नाही, असं म्हणून तो बोटाएवढ्या लीकच्या दोन ओळींमधे उताणा झोपला, टोपी छातीवर ठेवली आणि डोळे मिटले.

आता नीट ऐका. त्या भुरभुरीत शेंबड्या बाहेर पडल्या. एक नाही, दोन नाही, चारशे बारा. कोबीतून, कुंपणातून, खोपटाखालून चारी बाजूंनी चराकडे निघाल्या. कथबर्टने एक डोळा उघडला आणि श्वास रोखला. दोन हातांवर आल्या आणि थबकल्या. शिंगं वर करून वास घेतला. मग सगळ्या एकदम वळल्या, रांग धरली आणि फाटकाखालून बाहेर पडून रुळांच्या कडेने स्कॉटलंडच्या दिशेला लागल्या. एकच मागे राहिली, त्यांच्यातली जुनी, महापौराएवढी लठ्ठ. ती ऐटीत पुढे आली, कथबर्टच्या करंगळीला लागली, फुगली आणि फट्‌ करून गतप्राण झाली. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की किडे आपल्याला खात नाहीत, ते आपल्यात नोकरीला लागलेत. भीती जी गेली ती कायमची. उठला, शीळ घालत घरी गेला, चार अंडी हाणली. तेव्हापासून ज्याच्या वाफ्यात शेंबड्या होतात तो कथबर्टला बोलावून नेतो, अर्धा तास स्ट्रॉबेरीत खुर्ची टाकून बसवतो आणि...

"खोटं."

सँडविचचा ट्रे घेऊन टेबलामागे कधीची उभी होती कोण जाणे, पण ही माव्हिस. तिने ट्रे ग्लासांच्या मधोमध ठेवला.

"एक शेंबडी वळली नाही. एक तर त्याच्या टोपीवर बसून होती, मी काढून फेकली. आणि शीळ कसली घालतोय? शनिवारीच मला त्याच्या खिशात तो कागद सापडला होता. कंपनीतल्या पोरीला विचारलं, तर तिने साडेपाच फुटी शेंबडीच्या फोनचं सांगितलं, आणि स्टॉटीत मी काय घातलं ते मला कळलं. माणसाला काही होत नाही म्हणाली, पोटात गेले की मरतात. मी म्हटलं, माझ्या फ्रीजमध्ये किडे ठेवतो काय, भोगू दे एक रात्र. सकाळी चिठ्ठी दिसली तशी चपला न घालता धावले. सात वेळा सांगितलं त्याला, काही होत नाही, काही होत नाही. माझा हात सोडेना. लहान पोरासारखा रडत होता, म्हणत होता मला खाली पाठवू नका. मग मीही उतरले चरात, त्याच्या शेजारी पडून राहिले पावसात, अकरा वाजेपर्यंत. चांगलं वर्षाचं लीक माझ्या पाठीखाली चिरडलं. हे का नाही सांगत?"