गुडघ्याच्या गोळ्या

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि शिवणवाल्या काकूंचं नशीब उघडलं. धाकटा रोज घरी येऊ लागला.

एरवी हा मुलगा म्हणजे उंबराचं फूल. फरशा बसवायचं काम, वेगळा संसार, आईची आठवण फोनपुरती. आता मात्र संध्याकाळी कामावरून थेट इकडे. "आई, पाठ धरलीय गं," म्हणत बसला की काकू शिलाई मशीनच्या खणातून आपल्या पट्टीतली एक गोळी फोडून द्यायच्या. डॉक्टरांनी ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी दिलेली, चांगली जालीम. थोड्या वेळात तो सैलावायचा, हसायचा, लहानपणीच्या गमती सांगायचा. काकूंना वाटायचं, औषध कोणाच्या का नावावर असेना, गुण घरातच येतोय.

पुढे एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. पट्टी पुरेना, तेव्हा काकूंनी स्वतःच्या बंद केल्या. गुडघा रात्रभर ठणकायचा. त्या ओठ आवळून पडून राहायच्या आणि सकाळी कोणी विचारलं तर "छान आहे" म्हणायच्या. आईची अशी हौस कोणाला सांगायची सोय नसते. लोक वेड्यात काढतात.

एका दुपारी सुनेचा फोन आला.

"आई, हे तुमच्याकडे येतात का हो?"

"रोज येतो," काकू म्हणाल्या. आवाजात थोडा तोरा होताच.

"कामावरून काढलंय त्यांना. बाथरूमच्या फरशीचा उतार उलटा दिला. नळ सोडला तर पाणी सगळं बेडरूममध्ये. मालक म्हणाला, शुद्धीत होतास का? घरी आले की नुसते पडून असतात. आणि माझ्या आईच्या कंबरदुखीच्या गोळ्यापण गायब आहेत."

हा मुलगा डोळे मिटून उतार काढणारा. तो हात आपणच बिघडवला, तोही कौतुकाने, हे काकूंना कळलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तपासणी होती. डॉक्टरांनी गुडघा वाकवला. काकूंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दुखतंय? अजून गोळ्या लिहून देऊ?"

"अजिबात नाही. नकोत."

डॉक्टर खूश झाले. त्यांनी शिकाऊ डॉक्टरीणबाईंना हाक मारली, "बघा, याला म्हणतात जिद्द," असं म्हणाले आणि त्यांना दाखवायला गुडघा पुन्हा वाकवला.

संध्याकाळी धाकटा आला. आल्या आल्या त्याने खण उघडला. आत रिळं आणि बटणं होती.

"संपल्या?"

"बंद झाल्या. दुखत नाही असं सांगितलं मी डॉक्टरांना."

"अगं, दुखतंय म्हणायचं ना! काय जातं तुझं?"

"दुखतंयच रे," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासून दुखतंय. माझ्या वाटणीच्या तूच तर घेत होतास."

तो त्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिला. काकूंना वाटलं, आता ह्याला भरून येणार. त्यांनी त्याच्या पाठीवर ठेवायला हातसुद्धा उचलला.

"मग उद्या परत जाऊन हेच सांग की," तो म्हणाला.

काकू उठल्या. लंगडत दारापर्यंत गेल्या, आतून कडी घातली, दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि तिथूनच सुनेला फोन लावला.

"लवकर ये," त्या म्हणाल्या. "मला एकटीला आवरायचा नाही हा."