शेऱ्याचा रकाना

तात्यांनी लाकडी फूटपट्टी थेट कॉम्प्युटरच्या काचेवर टेकवली.

“नावाला तीन इंच, पत्त्याला अडीच, शेऱ्याला एक, तारखेला अर्धा.”

मधुराने हसू दाबलं. टावर चौकातल्या ज्या कॉम्प्युटर क्लासात ती शिकवायची, तिथे आजवर कोणी पट्टी घेऊन आलं नव्हतं. पण सासऱ्यांना सांगणार कोण! मराठी मंडळाची यादी तीस वर्षं तात्यांनीच हाताने आखली होती. गणपतीचं बोलावणं घेऊन जाणाऱ्यांनी ती यादी हातात धरूनच निघायचं, आणि कुठल्या दारी काय सांभाळायचं ते शेऱ्यात वाचायचं. यंदा, सत्त्याण्णव साली, मंडळाला ती कॉम्प्युटरवर हवी होती. क्लासातल्या पूजाने तात्यांची वही बघून सगळं टाइप केलं होतं. मधुराने फक्त रकाने नीट करायचे होते.

“वहीत तर शेरा सगळ्यांत रुंद असतो, तात्या.”

“यंदा एक इंच पुरे.”

तिचं लक्ष तसंही थाऱ्यावर नव्हतं. क्लासच्या इंदूर शाखेने तिला मुख्य म्हणून बोलावलं होतं. रोजचं अपडाउन. “तात्यांना विचार,” असं म्हणून नवरा, मंदार, मोकळा झाला. तिने विचारलं, त्याला आज आठ दिवस. तात्या “बघू” म्हणाले ते म्हणालेच. संध्याकाळी इंदूरला फोन करून हो की नाही कळवायचं होतं, आणि तात्यांच्या मनाविरुद्ध जायचं तिच्या जिवावर येत होतं. त्यात आठवडाभर घरी रोज दुपारी दूध कमी पडत होतं. शेजारच्या मांजराला तिने भरपूर शिव्या घातल्या होत्या.

तिने तात्यांच्या मापाने रकाने ओढले.

“अगं, तारखा गेल्या! नुसत्या जाळ्या उरल्या!”

“आहेत आतच. जागा कमी पडली की अशा दडतात.” तिने रकान्याच्या कडेवर माउसने दोनदा टिचकी मारली. तारखा जशाच्या तशा बाहेर आल्या.

तात्या खूश झाले. हाताच्या सवयीने मधुराने शेऱ्याच्या कडेवरही दोनदा टिचकी मारली.

“तो नको! तो राहू दे!”

उशीर झाला होता. अशी टिचकी मारली की रकाना सर्वांत लांब मजकुराएवढा पसरतो. शेऱ्याचा रकाना पसरला तो काचेबाहेरच गेला. मधुरा चक्रावली. बाकी शेरे तर वीतभराचेही नव्हते. ‘कानाने कमी, दोनदा हाक मारावी.’ ‘कुत्रं सुटं असतं.’ ‘काकूंना गोड वर्ज्य.’ एकच ओळ उजवीकडे धावत सुटली होती, आणि ते घर त्यांचंच होतं. पडदा सरकवत सरकवत तिने वाचलं.

‘सून मधुरा सकाळी सहाच्या बसने इंदूरला नोकरीस जाते. संध्याकाळी साडेसातनंतर भेटेल. कोणी आधी आल्यास म्हातारा घरी आहे, चहा तो करील. ती दमून आलेली असते, तिला चहापाण्यासाठी उठवू नये.’

तिला एकदम भरून आलं. शेजारी तात्या फूटपट्टी सदऱ्याच्या टोकाने पुसत होते, तिच्याकडे न बघता.

“एक इंच म्हटलं होतं ना मी,” ते पुटपुटले.

मधुराने डोळे टिपले. रकाना वहीतल्याएवढा रुंद केला आणि जास्तीचा मजकूर त्यातच दुमडून बसवला. त्यांच्या घराची ओळ शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तिप्पट उंच झाली.

“शोभत नाही गं. थोडं काप.”

“एक अक्षर कापणार नाही. फक्त बस सव्वासहाची आहे, तेवढं दुरुस्त करते.”

“मग कर की.”

तिने केलं. आणि एकाएकी तिचे हात थांबले.

“तात्या, ते दुपारचं दूध...”

“पहिले तीन दिवस उतू गेलं,” फूटपट्टी पिशवीत सरकवत तात्या म्हणाले. “आता चहा जमतो.”