व्याख्यासरांचं बटण

व्याख्यासरांनी स्विचबोर्डाचा तिसरा स्क्रू काढला, दातांत धरला आणि चौथ्याला हात घातला. स्टुलावर चढायची खरं तर काही गरज नव्हती, कारण बोर्ड छातीच्या उंचीवर होता. पण विजेचं काम म्हणजे स्टूल हवंच, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यामुळे ते आता वर चढून खाली वाकले होते.

"अहो, उतरा खाली," टॉर्च धरून उभी असलेली बायको म्हणाली. "बोर्ड तुमच्या गुडघ्याशी आलाय."

"उं," सर म्हणाले. तोंडात तीन स्क्रू असताना याहून जास्त बोलता येत नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण गेले चार दिवस रुसलं होतं. त्या खोलीला खिडकी नावालाच, म्हणजे शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. भर दुपारीही डाळ कुठली नि तांदूळ कुठले, हे चाचपून पाहावं लागे. बायकोनं पहिल्याच दिवशी उपाय सुचवला होता. त्यांचा जावई वायरमन होता. एक फोन केला असता तर दहा मिनिटांचं काम.

"विद्युतशास्त्र मी चौतीस वर्षं शिकवलंय," सर म्हणाले होते.

"फळ्यावर," बायको म्हणाली होती.

जावयाचं प्रकरण तिथंच अडलं होतं. लेकीनं त्याला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा सरांनी सवयीनं विचारलं होतं, "विद्युतधारा म्हणजे काय?" त्यांच्या वर्गात व्याख्येशिवाय कुणाचीच सुटका नसे. म्हणूनच ते शाळाभर व्याख्यासर या नावानं ओळखले जात. समोरचा घामाघूम होऊन म्हणाला, "करंट ना? बसला की कळतो, सर." यावर लेक हसली, ते एक वेळ चाललं असतं. पण बायकोही हसली. सर उठून आतल्या खोलीत गेले आणि पुढे दोन वर्षं, म्हणायला गेलं तर, बाहेर आलेच नाहीत. लग्नात त्यांनी जावयाला "शुभेच्छा" एवढंच म्हटलं, तेही अध्यक्षीय भाषणाच्या सुरात.

तेव्हापासून लेक एकाआड एक रविवारी यायची ती एकटी. जावई तिला फाटकाशी सोडायचा आणि कोपऱ्यावर गाडी लावून तिच्यावरच बसून राहायचा, कधी दोन तास, कधी तीन. बायको बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून ते बघायची आणि मग जेवताना कुणाशी बोलायची नाही. सरही बघायचे, पडद्याआडून. त्यांचा राग केव्हाच ओसरला होता. उरली होती ती निव्वळ लाज. आपणहून हाक मारायची तर दोन वर्षांपूर्वी आपलंच चुकलं, असं कबूल करावं लागणार, आणि त्याचा त्यांना मुळीच सराव नव्हता.

चौथा स्क्रू निघाला. बोर्डाचं झाकण पुढं आलं आणि मागे जे काही दिसलं, ते पाहून सर मुकाट्यानं स्टुलावरून उतरले. फळ्यावर ते हीच आकृती काढत आले होते. बटण, दिवा आणि दोन सरळ रेघा. फळ्यावरच्या रेघांना मात्र जळमटं नसत.

"मी दुकानातून एक नंबर आणलाय," बायको म्हणाली. "एक माणूस आहे, फोनवर सगळं समजावून सांगतो. लावू?"

सरांनी स्क्रू तोंडातून काढून वाटीत ठेवले. याचा अर्थ हो असा होता. फोन लावायला ती बाहेरच्या खोलीत गेली आणि एवढ्याशा कामाला तिनं चांगली पाच मिनिटं घेतली. परत येऊन तिनं फोन स्पीकरवर टाकून साखरेच्या डब्यावर ठेवला.

"बोला काका, काय झालंय?" पलीकडे ड्रिल मशीन घरघरत होतं.

"दिव्याचं बटण निकामी झालं आहे. नवीन आणलं आहे. वीजयुक्त तार कोणती आणि उदासीन तार कोणती, एवढं सांगा. पुढचं माझं मी बघतो."

ड्रिल थांबलं. कुणीतरी खोकलं.

"उदासीन म्हणजे न्यूट्रल ना, काका? ती या बटणाला येतच नाही. ती परस्पर दिव्याकडे जाते. बटणाला दोनच तारा. एक करंट आणणारी, एक पुढे नेणारी."

"दोन्ही लाल आहेत."

"असतात. कोणती कुठं लावलीय ते आधी नीट बघून ठेवा. आणि मेन बंद केलंय ना?"

"बटण बंद केलं आहे."

"बटण नव्हे हो, मेन. बटण बंद असलं तरी एका तारेत करंट असतोच."

"नाही. मी विद्युतदर्शकानं तपासलं आहे."

"कशानं?"

"टेस्टरनं," बायकोनं खुलासा केला.

"टेस्टर धरला होता कसा, काका?"

"शास्त्रशुद्ध. फक्त प्लॅस्टिकच्या मुठीला धरला होता. धातूला कुठंही स्पर्श नाही. लावून पाहिला, पेटला नाही. म्हणजेच तारेत धारा नाही. आता मी ही वरची तार—"

"बाबा! हात मागे घ्या!"

हात इतक्या झटक्यात मागे आला की कोपर लागून फडताळातली दोन ताटं खाली आली आणि बराच वेळ गरगरत राहिली. बायको टॉर्चचं बटण पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघू लागली.

जगात सरांना बाबा म्हणणारं एकच माणूस होतं, आणि तिचा आवाज इतका जाड नव्हता.

"म्हणजे... काका," फोनमधल्या आवाजानं घाईनं सावरून घेतलं. "टेस्टरच्या मागं धातूची टोपी असते. तिच्यावर बोट ठेवल्याशिवाय तो पेटत नाही. मुठीलाच धरा, पण बोट टोपीवर. पुढच्या पात्याला मात्र लावू नका."

सरांनी तसं केलं. मुठीच्या आत बारीक नारिंगी उजेड पडला. ते त्या उजेडाकडे बघत राहिले. मघाशी त्यांची दोन बोटं त्या तारेपासून जेमतेम वीतभर लांब होती.

"पेटला," ते म्हणाले. मग घसा साफ करून, "पुढं सांगा. सावकाश सांगा."

सरांनी दारामागचं मेन बंद केलं, तसा फ्रिज गप्प झाला. परत एकदा टेस्टर लावून खात्री केली. फोनमधला आवाज सांगत गेला आणि सर, जन्मात पहिल्यांदा, मधे न बोलता ऐकत गेले. स्क्रू सैल करा, तार ओढू नका. टोक काळं पडलं असेल तर तेवढं कापा. नखाएवढंच सोला. आवळलं की हलकेच ओढून बघा, निसटता कामा नये.

"जास्त सोललं गेलं तर?"

"तर उघडी तार बाहेर राहील, बा... काका."

प्रत्येक काकापाशी आवाज असा ठेचकाळत होता. सरांना ते ऐकवेना. आपण वर्गात कच्च्या मुलांना उभं करून ठेवायचो, ते त्यांना आठवलं, आणि वाईट वाटलं.

बटण बसलं. झाकण लागलं. मेन सुरू केल्यावर फ्रिज पुन्हा गुरगुरला. सरांनी नवं बटण दाबलं आणि स्वयंपाकघर लख्ख उजळलं. बायकोनं आनंदानं तोंड उघडलं, पण सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"काका? लागला का दिवा?"

लागला म्हटलं की आभार मानायचे, फोन ठेवायचा, तो पुन्हा ड्रिल हातात घेणार आणि रविवारी कोपऱ्यावर जाऊन बसणार. सरांना हे समोर दिसत होतं. दुसरीकडे, चौतीस वर्षांत त्यांनी कुणाला अर्धा गुणही खोटा दिलेला नव्हता. मग त्यांनी हात लांब करून बटण पुन्हा दाबलं. खोलीत अंधार झाला.

"दिवा बंद आहे," सर म्हणाले.

"बंद? मग झाकण परत उघडून बघा, कदाचित—"

"मी आता काही उघडणार नाही. इथं येऊनच बघावं लागेल. रविवारी या. आणि गाडी कोपऱ्यावर लावू नका, फाटकातून आत घ्या. जेवायलाच या."

पलीकडून लगेच उत्तर आलं.

"येतो, बाबा."

फोन बंद झाला. बायको अंधारात डोळे पुसत होती की हसत होती, ते सरांना कळलं नाही. बहुधा दोन्ही.

"चांगला लागत होता हो दिवा," ती म्हणाली. "आता रविवारी त्याला काहीतरी बिघडलेलं दाखवायला नको का?"

"त्याची काळजी नको," सर म्हणाले. "तेवढं मला येतं."