सकाळी तलाव, दुपारी मैदान

सकाळी गेले तवा ग्यानोबा मुकादमाची माणसं खड्डा खांदत व्हती. दुपारी भाकरी खाऊन परत गेले तर तीच माणसं तोच खड्डा बुजवत व्हती. उन्हानं माझं डोस्कं फिरलं का ह्यांचं, काई कळंना.

जमीन माझी. म्हंजे माझी व्हती. चाकूरच्या अलीकडं, सडकेला लागून दोन एकर. लातूर जिल्हा नवा झाला अन् पुढल्याच साली पावसानं दडी मारली. गावातल्या साऱ्या हिरींचा तळ उघडा पडला. रोजगार हमीवर पाझर तलाव झाला तर हिरींना पाणी उतरंल, असं समदे म्हणायचे, पर जागा देताना जो तो खाली बघायचा. मालक वारून दोन वर्सं झालती. म्हनलं, घ्या माझी, त्यांच्या नावानं.

आता आमच्यात देणं म्हंजे दासोह. देताना कशासाठी देतो ते बोलायचं न्हाई. बोललं की दान ऱ्हात न्हाई, सौदा होतो. अन् एकदा दिलं की मागं वळून इचारायचं न्हाई. मठात कागद लिवताना स्वामी म्हनले, 'महादेवी, काय लिवायचं?' म्या म्हनले, 'गावाच्या कामी.' बास. तलावाचं नाव काढलं न्हाई. साऱ्या गावाला ठावं असलेलं कशाला लिवायचं?

"ग्यानोबा, हे काय रं लावलंस?"

"अक्का, मला नका इचारू," त्यानं कपाळाचा घाम पुसला. "हमीची कामं अजून जुन्याच जिल्ह्याकडं हायेत, त्यांचा कागद हाय, तलाव खांदा म्हनून. नव्या जिल्ह्याचा कागद आला, जागा सपाट करा म्हनून. दोन्हीवर शिक्का हाय. सकाळी खांदतो, दुपारी बुजवतो. कुन्याच सायबाचं मन मोडाया नगं."

"आरं पर सपाट कशाला?"

"हितं जगाचा खेळ हाय म्हने. उंच जाळीत चेंडू टाकायचा. भाईरच्या देशांतली मानसं येनार."

"त्यांच्या देशात जागा न्हाई व्हय?"

"आता ते मला काय ठावं, अक्का!"

दुसऱ्या दिवशी नव्या जिल्ह्याच्या हापिसातले अमृतराव साहेब जीपमधून आले. चांगला माणूस, पर उड्या मारत बोलायचा. बास्केटबॉलचा आंतरराष्ट्रीय अंतिम सामना आपल्याकडं मागितलाय म्हनले. नांदेडवाले म्हनले विष्णुपुरीला घ्या, लातूरवाले म्हनले लातूरला घ्या. मिटिंगा झाल्या, भांडणं झाली. शेवटी कुणीतरी नकाशावर फूटपट्टी ठेवून मधोमध बोट टेकवलं. ते बोट माझ्या दोन एकरावर पडलं.

"अन् बघा, जागेचा कागद आयता तयार!" साहेब खूश. "गावाच्या कामी! नव्या जिल्ह्याचं नाव जगात होईल, बाई."

"खेळ किती दिस?"

"एक दिवस."

"अन् मग?"

"मग... मग मैदान राहील की."

"ते भाईरचे लोक पाणी काय पितील?"

"त्यांच्यासाठी टँकर येईल."

"टँकर हाय तर आज का येत न्हाई?"

साहेबांनी रुमाल काढून मान पुसली. मला राग आला का हसू आलं, ते माझं मलाच उमजंना. एवढी माणसं शहाणी, शिकलेली, अन् एकालाबी धड सांगता येईना की हितं खांदायचं का बुजवायचं.

सांजच्याला दिराकडं गेले. शंकरप्पा भावजी लई धार्मिक. इभूत लावल्याबिगर उंबऱ्याभाईर पाऊल टाकायचे न्हाईत. म्हनले, "वैनी, दिलं ते दिलं. तिथं मैदान होऊ द्या न्हाई तर माळ राहू द्या, आपण तोंड उघडायचं न्हाई. अन् दान दादाच्या नावानं केलंय. कशासाठी म्हणून आता बोललात तर त्याचं पुण्य जाईल. तुमचं न्हाई, त्याचं."

रातभर तळमळले. तोंड उघडावं तर मालकांचं पुण्य जातंय, मिटावं तर गावाचं पाणी जातंय. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

चार दिसांनी मुंबईचे खेळाचे साहेब जागा बघायला आले. सारा गाव गोळा झाला. जमिनीत मधे मधे मातीचे दोन खुंटे उभे व्हते. साहेबांनी इचारलं, "हे कशाला?"

"किती खांदलं ते मोजायला ठेवत्यात," ग्यानोबा म्हनला.

"पण तुम्ही तर भरताय."

"व्हय की. भरलेलं बी मोजतो."

साहेबांनी अमृतरावांकडं बघितलं, अमृतरावांनी आभाळाकडं. मग मुंबईचे साहेब जीपच्या टपावर कागद पसरून वाचाय लागले. वाचून झाल्यावर म्हनले, "जागा दिलीय, पण कशासाठी ते ह्यात कुठंच नाही. बाहेरच्या संघांना असा कागद चालत नाही. देणाऱ्यानं कारण लिहून सही केली पाहिजे."

अमृतरावांनी पेन माझ्यापुढं धरलं. "बाई, 'बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी' एवढंच लिहा. मी अक्षरं सांगतो."

"वैनी, काईच लिवू नका," मागनं भावजी बोलले.

म्या चौथीपर्यंत शिकलेली. एकदा वाटलं, पेन टाकावं अन् घरी जावं. पर मी न्हाई लिवलं तर दुसरा कुणीतरी लिवंल, अन् तो काय लिवंल? म्या लिवलं, 'पाण्यासाठी. दुसऱ्या कशासाठी न्हाई.' खाली नाव घातलं, महादेवी.

"अहो, काय केलंत हे!" अमृतराव वरडले. मुंबईच्या साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, घडी केली अन् जुन्या जिल्ह्याच्या फायलीला लावायला सांगितला. "इथं सामना होणार नाही," एवढंच म्हनले अन् जीपमधे बसले. तो सामना मग कुठं झाला, झाला का न्हाईच, मला आजबी ठावं न्हाई. ग्यानोबाची माणसं त्या दिसापासून दुपारी बी खांदाय लागली अन् पावसाच्या आधी तलाव पुरा झाला.

भावजी माझ्याशी बोलायचे थांबले. म्या चुकले का बरोबर वागले, कुणाला इचारावं? ज्यांना इचारायचं तेच वर गेलेले. "तुमचं पुण्य म्या खर्चून टाकलं, रागवू नका," असं फोटोपुढं लई वेळा म्हनले. फोटो काय बोलतोय!

पुण्यतिथी दिवाळीच्या आधी येती. त्या साली गव्हाची गोड हुग्गी केली, भावजींना निरोप धाडला, ताट वाढून ठेवलं. दुपार टळली तरी ते आले न्हाईत. मग त्यांचं ताट गाईपुढं ठेवलं अन् एकटीच जेवले. हात धुवाया परसातल्या हिरीवर आले तर पोहरा पहिल्याच हिसक्याला भरून वर आला.