सत्त्याहत्तराव्या पायरीची काच

किल्ल्याच्या टेहळणी बुरुजाला एकशे बारा पायऱ्या होत्या आणि त्या तिला पाढ्यासारख्या पाठ होत्या. सत्त्याहत्तराव्या पायरीशी भिंतीला तडा गेला होता. आठ महिन्यांपूर्वी तिनेच त्यावर आडवी काचपट्टी चिकटवली होती, पट्टीवर तारीख कोरली होती. भिंत केसभर सरकली तरी काच तडकणार, इतकी साधी युक्ती.

दर महिन्याला ती यायची, काच अखंड दिसायची आणि अहवालात लिहायची: हालचाल नाही. खाली सही. त्या सहीच्या भरवशावर बुरूज उघडा होता. वरून दिसणारं तळं आणि त्यामागचे डोंगर पाहायला लांबून लोक येत, आणि त्यांना तिकीट देणारे, वर नेणारे गाईड म्हणजे तिचे बाबा. एकतीस वर्षं.

आज तिचं बोट सहज काचेच्या कडेवरून फिरलं. कड हिरवट होती. तिची काच प्रयोगशाळेतली, पांढऱ्या कडेची, एक मिलिमीटर जाड. तिने मोजली. दोन भरली. तारीख तीच, अक्षर तिच्यासारखं. फक्त आठाचा आकडा बाबांच्या वळणाचा.

घरातला पदवीदानाचा, आता बिनकाचेचा फोटो तिला आठवला. ‘पुसताना काच हातातून पडली’ असं बाबा म्हणाले होते.

ते खाली तिकीटखिडकीत बसले होते.

“काय शास्त्रज्ञबाई, काय म्हणतोय आमचा म्हातारा?” बुरुजाला ते म्हाताराच म्हणत.

“काच किती वेळा बदललीत, बाबा?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “अगं, पाखरू-बिखरू आदळतं. म्हटलं, तुला कशाला उगाच हेलपाटा...”

“जिन्यात पाखरू? किती वेळा?”

त्यांनी खणातून बिस्किटांचा डबा काढून पुढे ठेवला. “पहिलीवर तुझं अक्षर होतं. टाकवेना. मग बाकीच्याही ठेवल्या.”

आत सहा फुटक्या काचा होत्या. प्रत्येकीचे तुकडे त्या-त्या दिवशीच्या तिकिटात गुंडाळलेले, तिकिटावर तारखेचा शिक्का. आठ महिने तिने नुसतं पाहिलं होतं. नोंद बाबांनी ठेवली होती. प्रत्येक काच किती दिवस टिकली ते तिने मोजलं. बहात्तर, एकसष्ट, अठ्ठेचाळीस, एकोणतीस, पंधरा, आठ.

“मग आवळा की आता पट्टे,” बाबा घाईने म्हणाले. “तूच म्हणाली होतीस, पोलादी पट्टे आवळले की अजून शंभर वर्षं जगेल.”

“पहिली फुटली तेव्हा जगला असता. आता पट्ट्यांसाठी भोक पाडायला गेलं तरी खाली येईल.”

बाबांनी खिडकीचा गज धरला. “मला वाटलं, एकदा बंद केला की हे खात्याचे लोक उघडत नाहीत. किल्ल्याचा पूर्वेचा दरवाजा आठव. ‘तात्पुरता बंद’ची पाटीसुद्धा गंजून पडली.”

हे खोटं नव्हतं.

“वर किती जण आहेत?”

“सात.”

“मी उतरवते.”

“माझी माणसं आहेत ती,” ते म्हणाले आणि ती वळायच्या आत जिन्यात शिरले.

ती पायथ्याशी थांबून मोजत राहिली. एकेक करत सात जण उतरले. एकजण कुरकुरत होता, फोटो राहिला म्हणून. सगळ्यांत शेवटी बाबा आले. मूठ मिटलेली.

“मी पोचलो तेव्हा तडकलेलीच होती.” त्यांनी मूठ उघडली.

खिडकीपाशी येऊन त्यांनी आजचं तिकीट फाडलं, तुकडे नीट गुंडाळले, डब्यात ठेवले.

“पाच दिवस,” ती म्हणाली.

“मग पुढची कधी फुटेल?”

आकडा तिला काढता येत होता. तिने काढला नाही.

“पुढची लावायची नाही, बाबा.”

त्यांनी मान डोलावली. मग कमरेची किल्ली सोडून तिच्यापुढे धरली. कुलूप घालायला त्यांचा हात उठत नव्हता.