पटकनसरांचे आनंदाश्रू

त्या संस्थेत जेलचे, म्हणजे डीएनए तपासायच्या लिबलिबीत पारदर्शक वड्यांचे, फोटो काढायची खोली एकच होती आणि तिच्यावर तीन प्रयोगशाळा जगत होत्या. खोली फौजदारबाईंच्या ताब्यात. हे नाव अर्थात पाठीमागचं; तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. खोलीच्या मधोमध टेबलावर काचेची पेटी होती. तिच्या आतला अतिनील दिवा लावला, की वर ठेवलेल्या जेलमध्ये डीएनएचे पट्टे नारिंगी चमकत. दिसायला मोठं देखणं, पण तो दिवा म्हणजे डबीत कोंडलेलं भर दुपारचं ऊन. म्हणून बाईंचा दंडक होता: पट्टा कापायचा तर तोंडावरचं शील्ड हनुवटीपर्यंत खाली हवं, मनगट झाकलेलं हवं, आणि जेलला लागलेल्या हातमोज्यांनी कॉम्प्युटरला बोटसुद्धा लावायचं नाही.

हे नियम सगळे पाळत. पटकनसरांना ते फक्त पाठ होते.

सर मोठे प्राध्यापक. माणूस मनाने वाईट नाही, पण त्यांचं सगळं पटकन. पटकन जेवत, पटकन रागावत आणि पटकन विसरूनही जात. त्या सकाळी त्यांच्या विद्यार्थिनीला कित्येक महिन्यांच्या खटपटीनंतर डीएनएचा हवा तो तुकडा जेलमध्ये दिसला. सर उड्या मारतच खोलीत शिरले.

"सर, मी कापते."

"तू कापायच्या आधी तुझा हातच कापतोय! आण ते ब्लेड."

सरांनी शील्ड घातलं. उत्साहात श्वास जोरात चाललेला, त्यामुळे ते आतून धुरकटलं. त्यांनी ते टोपीसारखं कपाळावर ढकललं. मग जवळचं नीट दिसेना म्हणून चष्माही काढून ठेवला.

"सर, शील्ड!"

"अगं, पटकन तर कापायचंय!"

पण जेल म्हणजे काही लोणी नव्हे. ब्लेड निसटलं, पट्टा तिरका कापला गेला, मग उरलेला कोपरा, मग त्या कोपऱ्याचा कोपरा. सर इतके वाकले होते की नाक जेलला टेकायचंच बाकी होतं. विद्यार्थिनीने दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा सरळ दिव्याचं बटण बंद केलं. सर रागावले आणि पटकन विसरले. फौजदारबाई वरच्या मजल्यावर बैठकीत अडकल्या होत्या, नाहीतर सरांची तिथेच वरात निघाली असती.

संध्याकाळी सरांच्या घरी पाहुणे यायचे होते. मुलीने आपलं लग्न आपणच ठरवलं होतं, आता दोन्ही घरं पहिल्यांदाच एकत्र जेवणार होती. मुलगा दातांचा डॉक्टर. सरांना तो पसंत नव्हता. "आयुष्यभर लोकांना आ करायला सांगणार हा," असं ते बायकोला म्हणाले होते. लग्नानंतर मुलगी त्याच्या गावी जाणार, याबद्दल मात्र ते एक अक्षर बोलले नव्हते. मुलीला वाटायचं, बाबांना काहीच वाटत नाही.

पाहुणे यायच्या आधीच सरांचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा तापला.

"अहो, काय लावलंत तोंडाला?" बायकोने विचारलं.

"ऊन लागलं असेल."

"खोलीत बसून?"

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

सूप वाढेपर्यंत सरांच्या डोळ्यांत कुणीतरी मूठभर वाळू टाकल्यासारखं झालं. दिवा सहन होईना. त्यांनी दोन दिवे मालवायला लावले. मुलाच्या आईला ते फार रसिक वाटले. मुलाचे वडील घसा साफ करून म्हणाले, "तुमची मुलगी आमच्याकडे येणार. लांब पडेल तुम्हाला, पण..."

आणि सरांच्या डोळ्यांतून धार लागली.

सरांनी रुमाल लावला, पुसलं, तर आणखी वाहायला लागलं. मुलाच्या आईच्याही डोळ्यांना पदर गेला. मुलाचे वडील, जे आतापर्यंत ताठ बसले होते, उठून सरांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. "अहो, आम्ही काय परके? मनात येईल तेव्हा या."

"तसं नाही," सर कसेबसे म्हणाले, "ते अतिनील..."

टेबलाखालून बायकोचा पाय त्यांच्या पायावर पडला. मुलगी तर हातातला चमचा विसरून वडिलांकडे बघतच राहिली होती.

मुलगा मात्र सूप सोडून सरांचा चेहरा न्याहाळत होता. कपाळाचा वरचा पट्टा गोरा, त्याखाली सगळं लालभडक. तो उठला. "काका, मोकळ्या हवेत येता जरा?"

गच्चीवर आल्यावर त्याने हळूच विचारलं, "कुठल्या दिव्याकडे बघितलंत उघड्या डोळ्यांनी?"

सरांनी डोळे मिटूनच सगळं कबूल केलं.

"आमच्याकडेही दिवा असतो, दात भरायचा. म्हणून लक्षात आलं. चला, डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ. आत सांगतो, काकांना जरा फेरी मारायचीय."

"तुझ्या आईवडिलांना कळलं तर?"

"मी नाही सांगणार."

दवाखान्यात थेंब घातले, अंधारात पडून राहायला सांगितलं. डोळे टिकतील, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा कुठे सरांचा जीव भांड्यात पडला. येताना मुलाने त्यांना हाताला धरून चालवलं. पायरी आली की "पायरी," एवढंच म्हणायचा. सरांनी मनातल्या मनात त्याच्याबद्दलचं मत बदललं. यावेळी पटकन नाही, पायरी पायरीने.

घरी आल्यावर सरांनी मुलीला खरं काय ते सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "म्हणजे मी जाणार त्याचं काहीच नाही?"

"डोळ्यांत जागा नव्हती गं," सर म्हणाले, "तिथे आधीच जेल घुसलं होतं." आणि तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

फौजदारबाईंना बातमी कळायला वेळ लागला नाही. चेहऱ्याची सालपटं निघालेले सर कामावर आले, तर खोलीत शिरायला बंदी. प्रशिक्षण घ्यायचं, तेही पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर. सर मागच्या बाकावर बसले. बाई प्रात्यक्षिक घेत असताना सरांच्या खिशातला फोन वाजला; विहीणबाई रोज चौकशी करत. सरांनी हातमोज्यासकट खिशात हात घालताच अख्खा वर्ग ओरडला. त्यांनी मोजा काढला, कचऱ्यात टाकला, हात धुतले, मग फोन कानाला लावला.

"नाही हो," ते ओशाळून म्हणाले, "आता नाही रडत मी."

पोरं आ वासून बघत होती.

सरांनी कापलेला तुकडा काही कामाचा निघाला नाही. इतका वेळ दिव्याखाली राहून त्यातल्या डीएनएचीही सरांसारखीच गत झाली होती. विद्यार्थिनीने सगळं पुन्हा केलं. जेल चालवलं, शील्ड हनुवटीपर्यंत ओढलं, दिवा लावला, पट्टा कापला, दिवा बंद केला. तिचा हात जरासुद्धा कापला नाही. सर शील्ड घालून तिच्या खांद्यामागे उभे होते.

"सर, तुमचा श्वास मानेवर येतोय," ती म्हणाली. "बाहेर थांबता का?"

सर बाहेर जाऊन थांबले.